पाण्यालाच धरणारा नांगर

२०११च्या पावसाळ्यात मुंबईकरांना जुहूच्या वाळूवर दोन जहाजं फुकटात बघायला मिळाली. जूनमध्ये 'एमव्ही विस्डम' येऊन रुतलं. भंगारात काढायला त्याला अलंगकडे ओढून नेत होते आणि वाटेत ओढदोर तुटला. मग ३१ जुलैला 'एमटी पवित' हा छोटा टँकर त्याच पट्ट्यात येऊन टेकला. खलाशांनी त्याला ओमानच्या बाजूला भर समुद्रात सोडून दिलं होतं. पुढचा महिनाभर त्याला कोणी चालवत नव्हतं, तरी तो मुंबईपर्यंत आला. लोक पोराबाळांना घेऊन गेले, मक्याची कणसं खाल्ली, फोटो काढले.

बंद पडलेलं जहाज लगेच बुडतं असं नाही. ते निघून जातं. वारा आणि लाटा नेतील तिकडे जातं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडचा वारा नैर्ऋत्येचा असल्यामुळे त्या वाटेच्या शेवटी कुठे ना कुठे आपलाच किनारा असतो. पण मासेमारीच्या बोटीला किनाऱ्याच्याही आधीची भीती असते. इंजिन थांबलं, सुकाणूवरून पाणी जाणं थांबलं, की बोट आपोआप लाटांना आडवी होते. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर चढलेली, तिच्यावर वारा जास्त. ती वाऱ्याखाली फिरते आणि कूस लाटेसमोर येते. बोटीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी लाट नेमकी कुशीवर येऊन फुटली, तर ती बोट उलटवू शकते. पंधरा मीटरच्या बोटीला हा हिशेब पाच मीटरवर येतो. पावसाळ्यातल्या खोल समुद्रात पाच मीटरची लाट म्हणजे काही नवल नाही. लाट नुसती उंच असेल तर बोट तिच्यावर चढते आणि उतरते. घात करते ती फुटणारी लाट, कारण तिच्या माथ्यावरचं पाणी बोटीवर धावून येतं.

म्हणून सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: बोटीचं एक टोक धरून ठेवायचं. खाली जमीन हाताला लागत नसेल तर पाण्यालाच धरायचं.

यासाठी दोन वेगळी साधनं आहेत आणि बोलताना त्यांची सर्रास सरमिसळ होते. सी अँकर नाळेवरून सोडतात. तो मोठा असतो, बहुधा पॅराशूटसारखा, आणि बोटीला जवळजवळ जागीच थांबवून तिचं तोंड लाटांकडे ठेवतो. ड्रोग मागून सोडतात. तो लहान असतो. बोट वाऱ्याबरोबर पळत असते, तिला तो थांबवत नाही, फक्त आवरतो, म्हणजे ती लाटेच्या उतारावरून घसरत जाऊन आडवी पडत नाही. शिडाच्या नौकांवर लिहिलेलं इंग्रजी साहित्य बहुतेक ड्रोगच्या बाजूने बोलतं, आणि त्या नौकांपुरतं ते बरोबर आहे. आपल्या ट्रॉलरला तो सल्ला जसाच्या तसा लावू नये. आपल्या बोटीची मागची बाजू बुटकी, जाळं ओढायला मोकळी, आणि केबिनचा दरवाजा बहुधा मागेच उघडणारा. फुटत्या लाटेला ती बाजू देणं म्हणजे घराचं दार सताड उघडून पुराची वाट बघणं. आपल्याला नाळेवरचा सी अँकर बरा. केबिन मागे असेल तर आणखी बरा, कारण मागच्या केबिनवर लागणारा वारा बोटीला वातकुक्कुटासारखी वाऱ्याकडे तोंड करून ठेवतो.

खरं तर पाण्याला पिशवीत धरण्याची विद्या वर्सोवा आणि मढच्या कोळीवाड्यांना नव्याने शिकवायची गरज नाही. डोल म्हणजे दुसरं काय? भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडून उभी केलेली निमुळती पिशवी. जाळ्याचे डोळे, म्हणजे भोकं, तोंडाशी मोठी, शेपटीकडे बारीक होत गेलेली. पाणी आत येतं, थोडं अडतं, बाकीचं निघून जातं, बोंबील राहतात. डोळे सगळीकडे बारीक ठेवले तर पाणी निघायला वाट राहत नाही, पिशवी फुगते, गरगरते आणि दोर ओढून काढते. सी अँकरच्या शेपटीला भोक का ठेवतात, हे डोल लावणाऱ्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) समजावून सांगायला एक वाक्य पुरेल. फरक एवढाच की डोल जमिनीला बांधलेली असते आणि पाणी तिच्यातून जातं. इथे पिशवी पाण्यात असते आणि बोट तिला ओढत असते.

आता आकडे, कारण अंदाजाने शिवलेली पिशवी पहिल्याच रात्री फाटते. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. तोंडाशी १.२ मीटर व्यासाचा कॅनव्हासचा कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची पिशवी, घ्या. तो पाण्यातून ३ नॉट (ताशी ३ सागरी मैल) वेगाने ओढला की दोरावर साधारण १७० किलोचा ताण येतो. ६ नॉटला ६७५ किलो. आणि लाटेच्या माथ्याने बोटीला फेकून १२ नॉटवर नेलं तर २,७०० किलो, म्हणजे पावणेतीन टन. वेग दुप्पट, ताण चौपट. शांत खाडीत ओढून बघितला, छान चालला, असं म्हणणाऱ्याने या ओळीतला शेवटचा आकडा परत वाचावा.

पंधरा मीटरच्या बोटीला ५० नॉटच्या वाऱ्यात समोरून, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटरवर, साधारण ६२० किलोचा दाब बसतो. तीच बोट आडवी झाली आणि ४० चौरस मीटर वाऱ्यासमोर आले, की तोच दाब १,६५० किलोवर जातो. नाळेवरून पाच मीटर व्यासाचं पॅराशूट सोडलं तर निव्वळ वाऱ्याच्या हिशेबाने बोट ताशी सव्वा-दीड सागरी मैलाने मागे सरकेल, दिवसाकाठी तीसएक मैल. सी अँकर टाकला म्हणजे बोट थांबली, असा गैरसमज नको. किनारा वाऱ्याखाली वीस मैलांवर असेल तर हातात दिवससुद्धा नाही. शिवाय हे सगळं पाण्याच्या तुलनेत. पाणीच ओहोटीबरोबर चाललं असेल तर नांगर, दोर, बोट, सगळी वरात त्याच्याबरोबर जाणार.

वाऱ्यापेक्षा त्रास लाट देते, आणि तो समजायला लाटेच्या आत जावं लागतं. लाट पुढे जाते, पाणी जात नाही. पाण्याचा कण जागच्या जागी गोल फिरतो. माथ्यावर असताना तो लाटेच्या दिशेने जातो, दोन माथ्यांमधल्या घळीत असताना उलट. पाच मीटर उंचीच्या, आठ सेकंदांच्या लाटेत हा फिरण्याचा वेग पृष्ठभागावर सेकंदाला सुमारे २ मीटर असतो. त्या लाटेची लांबी खोल पाण्यात १०० मीटर. आता दोर ५० मीटरच सोडला असं समजा. बोट माथ्यावर, सी अँकर घळीत. बोटीखालचं पाणी तिला मागे ढकलतंय, सी अँकरभोवतीचं पाणी त्याला पुढे ओढतंय. दोघांमधला फरक सेकंदाला ४ मीटरपर्यंत जातो. पाच मीटरच्या पॅराशूटवर हा ताण, दोर जराही ताणला गेला नाही तर, वीस टनांच्या घरात जातो. २० मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर नवा, कोरडा आणि बिनगाठीचा असताना सुमारे ८ टनांना तुटतो.

यातून सुटका दोन वाटांनी. एक म्हणजे दोर एवढा सोडायचा की बोट आणि सी अँकर एकाच वेळी माथ्यावर येतील, एकाच वेळी घळीत. वरच्या लाटेला तो १०० मीटर. समुद्र काही फूटपट्टीने लाटा पाठवत नाही, म्हणून दोर थोडा सोडून आणि थोडा ओढून बघावा लागतो. झटका कमी झाला की तिथे थांबायचं. दुसरी वाट म्हणजे नायलॉनच वापरायचा. मासेमारीत सगळीकडे दिसणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त आहे, पण तो तरंगतो, उन्हाने ठिसूळ होतो आणि झटका फारसा गिळत नाही. तीन पेडांचा नायलॉन चांगल्या ओढीखाली १०० मीटरमागे दहा-पंधरा मीटर लांबतो. तो लांबतो म्हणूनच बोलार्ड, म्हणजे डेकवरचा दोर बांधायचा खुंटा, जागेवर राहतो.

पण नायलॉनचं लाडकेपण इथे संपतं. ओला झाला की त्याची ताकद दहाएक टक्क्यांनी कमी होते. गाठ मारली की जवळजवळ निम्मी. म्हणून टोकाला गाठ नको, थिंबल (फाशाच्या आत बसणारी धातूची खोबण) घालून पेड गुंफलेला फासा हवा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घास. दोर दर लाटेला ताणतो आणि आखडतो, नाळेच्या कडेवर पुढे-मागे घासतो. बाहेरून पाणी उडत असलं तरी दाबाखालच्या जागी उष्णता साठते आणि तंतू वितळून एकमेकांना चिकटतात. वादळानंतर तुटलेला दोर हातात घेऊन टोक बघा. कुरतडल्यासारखं झुपकेदार असेल तर घासून गेला. कडक, काचेसारखं चकाकणारं असेल तर वितळून गेला. नळीत घालून ठेवला तर वाचतो, पण बागेला पाणी घालायची पातळ प्लास्टिकची नळी उष्णता आतच कोंडते. कापडी आगीच्या पाइपचा तुकडा उत्तम. पाणी झिरपत राहतं. कडेवर येणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना मीटरभर जास्त घ्यायचा, टोकांना शिवायचा, आणि दर तासाला दोर एक-दोन फूट सोडून घासण्याची जागा बदलायची. त्याहून बरं म्हणजे नाळेवरून बाहेर पहिले पाच-सात मीटर साखळी ठेवायची. साखळी नाळेची कड खाते, हे खरं. कड नंतर बदलता येते.

मजा अशी, की कुठलाही नवा सी अँकर दाखवताना माणसं कापडाचा पोत दाखवतात. कापड क्वचितच जातं. जातो तो सांधा. आपण एकेक कडी मोजत जाऊ: बोलार्ड, त्याचे बोल्ट, साखळी, शॅकल (पिनेने बंद होणारी कडी), थिंबल, दोर, परत थिंबल, स्विव्हेल (फिरती कडी), मग पिशवीचं तोंड धरणाऱ्या लगामाचे आठ पट्टे, आणि शेवटी कापड. बोलार्ड लाकडी डेकवर चार स्क्रूंनी बसवलेला असेल तर बाकी सगळी यादी फाडून टाकावी. बोल्ट डेकच्या आरपार हवेत, खाली बोलार्डच्या दुप्पट आकाराची जाड पट्टी हवी. जमलं तर सरळ कुशीच्या मजबूत लाकडाला लोखंडी पट्टी बोल्टांनी जडवावी, म्हणजे ओढ बोल्टला उपटत नाही, आडवी कापायला बघते. आणि जाड बोल्ट कापणं उपटण्यापेक्षा कितीतरी अवघड. शॅकल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किलोच्या भावानेही मिळतो, पण ज्यावर उचलक्षमतेचा शिक्का नाही तो घेऊ नये. पिन घट्ट पिळून त्यातून तार ओवून बांधायची. तार न बांधलेली पिन रात्रभराच्या थरथरीत स्वतःची स्वतः उघडते.

घरच्या घरी शिवायचा कोन कसा असावा? तोंडाचा व्यास १.२ मीटर, लांबी त्याच्या दीडपट, म्हणजे १.८ मीटर, शेपटीला १२ ते १५ सेंटिमीटरचं भोक. कापड जाड पीव्हीसीचं किंवा दुहेरी कॅनव्हासचं. ५० मिलिमीटर रुंदीचे आठ नायलॉन पट्टे तोंडापासून शेपटीपर्यंत सलग शिवायचे आणि तेच पट्टे पुढे लगाम म्हणून काढायचे. मध्ये तोडून कडीला बांधायचे नाहीत. म्हणजे ताण पट्ट्यांवर जातो आणि कापड फक्त पाणी अडवतं. लगामाची लांबी तोंडाच्या व्यासाच्या किमान दीडपट. इथेच बहुतेक हातचुका होतात. लगाम आखूड झाला की पट्टे तोंड आत ओढून मिटवतात आणि कोन गुंडाळलेल्या छत्रीसारखा पाण्यातून सरकत जातो. लगामाचा एक पट्टा बाकीच्यांपेक्षा चार बोटं लांब राहिला, तर कोन तिरका चालतो, गिरक्या घेतो, आणि स्विव्हेल नसेल तर दोराला पीळ भरतो. तोंडाच्या खालच्या कडेला चार-पाच किलो वजन, वरच्या कडेला बोया. वजन नसेल तर लाट फुटताना कोन पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि त्या क्षणी पकड शून्य होते. हा कोन ड्रोगच्या कामाचा आहे. पंधरा मीटरच्या बोटीला नाळेवरून धरून ठेवायला तो अपुरा पडतो, तिथे पॅराशूटच.

एका मोठ्या कोनाऐवजी शंभर लहान कोन, ही कल्पना अमेरिकेच्या डोनाल्ड जॉर्डन यांची. ते विमानशास्त्राचे इंजिनिअर. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या. वादळात १५ खलाशी गेले. त्यानंतरच्या त्यांच्या कामाचा अहवाल १९८७मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने काढला. ५ इंचांचे कोन, दर २० इंचांवर एक, दोरावर माळेसारखे ओवलेले. साडेचार टनांच्या नौकेला सुमारे शंभर. टोकाला ११ ते १६ किलोचं वजन. एकटा कोन लाटेच्या उलट्या पाण्यात सापडला की दोर सैल पडतो आणि पुढच्या झटक्याला सगळा भार एकदम येतो. माळेत काही कोन नेहमीच चांगल्या पाण्यात असतात, आणि टोकाचं वजन सैल पडलेली माळ खाली खेचून ताणलेली ठेवतं. फार हुशारीचं काम.

आणि तरीही ते मुंबईसमोर अडखळतं. आपला समुद्र उथळ आहे. किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी तळ वीस-तीस मीटरवर, आणि दीडशे किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रालासुद्धा पंचाहत्तर मीटरच्या आसपास. नव्वद मीटरची वजनदार माळ वीस मीटर पाण्यात सैल पडली की चिखलात जाऊन बसणार, आणि टोकाचं वजन एखाद्या जुन्या जाळ्यात अडकलं तर ती ड्रोग राहणार नाही, मागून टाकलेला नांगर होईल. उथळ पाण्यात लाटाही बदलतात: दहा सेकंदांची लाट खोल पाण्यात १५६ मीटर लांब असते, वीस मीटर पाण्यात सुमारे १२० मीटर उरते आणि चढाला उभी होते. त्यामुळे इथे पहिला प्रश्न नेहमी साधा असावा: खरा नांगर धरतोय का? धरत असेल, साखळी भरपूर असेल, तर सी अँकर पिशवीतच राहू दे. नांगर सरकायला लागला, किंवा तळ पुरत नाही, तर मग तो काढायचा.

मोठ्या जहाजाचं गणित वेगळं, आणि इथे उत्साहाला आवर घालायला हवा. ५० नॉटच्या वाऱ्यात १,५०० चौरस मीटर कूस असलेल्या बंद जहाजावर साठ टनांचा दाब पडतो. एकट्या पॅराशूटने त्याला ताशी दोन मैलांवर आवरायचं तर व्यास ३४ मीटर हवा. ताशी एक मैलावर आणायचं तर ६८. हे डेकवर कोण उचलणार, आणि वीज गेलेली असताना कोणत्या यंत्राने सोडणार? अशा वेळी तळ लागत नसला तरी नांगराची साखळी शंभर-दीडशे मीटर खाली सोडून देणं हाच जुना, हाताशी असलेला उपाय. जहाज थोडं सावरतं, आणि वाहत वाहत उथळ पाण्यात आलं की नांगर आधीच खाली असतो. बाकी टगची, म्हणजे ओढून नेणाऱ्या बोटीची, वाट बघायची.

लाइफराफ्टची, म्हणजे जीव वाचवायच्या फुगणाऱ्या तराफ्याची, गोष्ट मात्र निराळी. तिथे हे साधन नियमानेच येतं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे राफ्टमध्ये दोन सी अँकर असतात: एक कायमचा जोडलेला, राफ्ट फुगताच आपोआप काम करणारा, दुसरा राखीव. दहा माणसांपर्यंतच्या राफ्टच्या पोटाखाली एकूण किमान २२० लिटरचे पाण्याचे खिसे. हवा भरलेल्या फुग्याला वाऱ्याने पालथं घालू नये म्हणून पाण्यालाच वजन म्हणून वापरलेलं.

टाकण्याचा क्रम चुकला तर साधन चांगलं असूनही बोट जाते. इंजिन चालू असेल तर आधी न्यूट्रल. पंख्यात गेलेला दोर हा या कामातला सगळ्यात नेहमीचा अपघात. दोराचं बोटीकडचं टोक आधी बांधायचं. हसू नका, अंधारात हे राहून जातं. मग वाऱ्याच्या बाजूने पिशवी पाण्यात. वाऱ्याखालच्या बाजूने टाकली तर बोट सरकत तिच्यावरच जाते. पंधरा-वीस मीटर सोडून बोलार्डवर एक वेढा घेऊन थांबायचं, कोन उघडू द्यायचा, मग उरलेला दोर हळूहळू. पाय वेटोळ्यात नको. सुकाणू मध्यावर घट्ट बांधायचं, कारण बोट मागे सरकताना पाणी उलटं लागतं आणि सुटं सुकाणू बिजागरीतून निखळतं. कुऱ्हाड बोलार्डजवळ हाताला लागेल अशी.

पिशवीच नसेल तर तिथल्या तिथे जुगाड करता येतो. तीन बांबू किंवा पाइप त्रिकोणात बांधायचे, त्यावर दुहेरी ताडपत्री ताणायची, खालच्या पाइपला छोटा नांगर लटकवायचा, वरच्या कोपऱ्याला बोया, तिन्ही कोपऱ्यांपासून दोर आणून एका कडीत. मधोमध मूठभर भोक पाडायला विसरायचं नाही. माशांच्या टोपल्या आणि टायर दोराला बांधून सोडणंही काहीच नसण्यापेक्षा बरं, पण त्याने बोट फक्त थोडी मंदावते, तोंड वळत नाही.

१ जून ते ३१ जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर असतात तेव्हा ही पिशवी उघडून बघायची वेळ असते. मिठाचे खडे शिवणीत बसून धागा कापतात. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघायचं. पट्टे नखाने खरवडून बघायचे, पूड निघाली तर उन्हाने खाल्लेत. आणि नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या शांत दिवशी खाडीत चाचणी: मासळी तोलायचा लटकता इलेक्ट्रॉनिक काटा, पाचशे किलोचा, बोलार्ड आणि दोर यांच्यामध्ये अडकवायचा आणि ३ नॉटने ओढायचं. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो, पाण्यावरचा नाही, म्हणून एकदा भरतीच्या बाजूने आणि एकदा विरुद्ध जाऊन दोन्ही वेगांची सरासरी काढायची, काट्याचा आकडा त्या सरासरीशी ताडायचा. १.२ मीटरच्या कोनाला काट्यावर १७०च्या आसपास दिसायला हवेत. नव्वद-शंभरवर अडकला तर तोंड पूर्ण उघडलेलं नाही; लगाम सोडवून आठही पट्टे एकमेकांशी लावून मोजायचे.